पाहासरांची कार्डं

माझ्या लग्नात पाहासरांनी आहेर म्हणून एक पुस्तक दिलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘सौ. सुनंदा ढोबळे हिस’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘यापूर्वीचं नाव पाहा : कु. सुनंदा औटी’. सासरची मंडळी ते पान एकमेकांना दाखवून हसत होती. मी लाजून चूर झाले होते आणि सर पंगतीत शांतपणे मठ्ठा पीत होते.

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात ते ग्रंथपाल, मी त्यांची सहायक. रोज आळ्याहून लुनावर यायचे. एखाद्या मासिकानं नाव बदललं की सर दिवसभर अस्वस्थ. यादीच्या कपाटातलं जुन्या नावाचं कार्ड बंद करायचं, नव्या नावाचं वेगळं करायचं, आणि एकावर ‘यापुढचं नाव पाहा’, दुसऱ्यावर ‘यापूर्वीचं नाव पाहा’ लिहून दोघांची गाठ घालून द्यायची. म्हणून ते पाहासर. खरं आडनाव फक्त पगारपत्रकात होतं.

“सगळे अंक नव्या नावाखाली लावले तर काय बिघडलं?” मी एकदा वैतागून विचारलं होतं.

“ज्या नावानं छापलं त्याच नावानं ठेवायचं,” सर म्हणाले. “आज नाव बदललं म्हणून कालचा अंक खोटा व्हत न्हाई.”

या कार्डांचं मोल मला कळलं ते डिंगोऱ्याच्या भाऊंमुळे. हे शेतकरी गृहस्थ दर पितृपक्षात यायचे. त्यांच्या वडिलांचा एकुलता एक फोटो एका शेतीच्या मासिकात कधीकाळी छापून आला होता. मासिकाचं आजचं नाव तेवढं भाऊंना ठाऊक, ‘हिरवा शेजार’. सर ते कार्ड काढायचे, त्यावरून ‘शेती आणि जोडधंदे’चं, त्यावरून ‘नांगरट’चं, आणि मग मांडणीवरून ‘नांगरट’चा बांधीव खंड. भाऊ टोपी काढून फोटोसमोर पाचेक मिनिटं बसत. सरही शेजारी उभे राहत.

झेरॉक्स काढून पाहिली, तर तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. एका वर्षी भाऊ चाचरत म्हणाले, “सर, येवढं पान कापून द्या की. तुमाला काय कमी पडणार हाय?”

“पान गेलं की खंड अपुरा, भाऊ. आन् अपुरं कुनी सांभाळत न्हाई.”

सर निवृत्त व्हायच्या वर्षी कॉम्प्युटर आला. पुण्याहून आलेल्या माणसाला सरांनी विचारलं, “यापूर्वीचं नाव कुठं टाकायचं?”

“तशी जागाच नाही यात, सर.”

सर कार्ड हातात धरून पडद्याकडे बघत बसले. इतकं हतबल मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जाताना एवढंच म्हणाले, “सुनंदा, कार्डं तेवढी टाकू नगंस.”

मी कार्डं टाकली नाहीत. पण उघडलीही नाहीत. पुढं जागा कमी पडायला लागली, तेव्हा समितीनं अपुरे संच बाद करायचे ठरवलं. मी कॉम्प्युटरवरून यादी काढली. ‘नांगरट’ची चारच वर्षं दिसत होती, म्हणून मी शेरा मारला, ‘अपुरा संच’. कार्डांचं कपाट माझ्या खुर्चीमागेच होतं. टेम्पो भरून रद्दी गेली.

पितृपक्षात भाऊ आले. मी मांडणी पाहिली, ‘नांगरट’ची जागा मोकळी होती. मग कार्डांचा खण उघडला. तिन्ही कार्डं जागच्या जागी, एकमेकांचा पत्ता सांगत होती; तिन्ही नावं मिळून संच पुरा होता. मी आळ्याला फोन केला. सर लुनावरून आले, मोकळ्या मांडणीवरून हात फिरवला आणि भाऊंकडे वळले. माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं.

“भाऊ, तवा मी पान कापू दिलं न्हाई,” ते म्हणाले.

“जाऊ द्या, सर. इतकी वर्सं तुमीच तर दावलात.”

सरांनी ठिकठिकाणच्या ग्रंथालयांना पत्रं पाठवली. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. मग एक दिवस त्यांनी ‘नांगरट’चं कार्ड मागून घेतलं आणि पाठीमागे आठवून आठवून लिहिलं : ‘बांधावर उभे. डोक्याला मुंडासं. डाव्या हातात कांद्याची जुडी. उजवा डोळा उन्हानं मिटलेला. हसतायत.’

सर जाऊन आता दोन वर्षं झाली. भाऊ अजून येतात. मी तिन्ही कार्डं क्रमानं काढते आणि शेवटच्याची पाठ वाचून दाखवते. ती यादी माझ्या हातची, हे त्यांना सांगायचं दरवर्षी ठरवते. ते टोपी काढून, डोळे मिटून ऐकतात.

“परत येकदा वाचा, बाई,” म्हणतात.

मी वाचते.