ड्रायव्हरकाकांचं लढाऊ विमान

बसच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ड्रायव्हरकाका सुनेवरच्या रागाने घरात पाय आपटतात, अशी बातमी अख्ख्या इमारतीत पसरली होती. खालच्या मजल्यावरच्या वहिनी तर छताचे हादरे ऐकायला पाहुण्यांना बोलवू लागल्या होत्या. खरी गोष्ट एवढीच, की काका ब्रेक मारत होते. सुनेनेच त्यांना संगणकावर लढाऊ विमानाचा अगदी खऱ्यासारखा खेळ लावून दिला होता आणि हातात गेमपॅड ठेवला होता.

एकतीस वर्षं परातीएवढं स्टिअरिंग फिरवलेला माणूस! आता बोराएवढी दांडी अंगठ्याने हलवायची. ती केसभर जास्त सरकली, की उतरताना चाकं मोडलीच. नोकरीत गाडीला ओरखडा नाही, आणि इथे आठवडाभरात बावीस विमानं भंगारात. काकांना जेवण जाईना. ताटावरही अंगठे वळवळत. एकदा तरी धड उतरायचंच!

रविवारी धावपट्टी समोर आली आणि नेमकं शत्रूचं विमान मागे लागलं.

"बाबा, मागे बघा!" सून किंचाळली.

काकांनी सवयीने वेग कमी करून विमान कडेला घेतलं. शत्रू सुसाट पुढे गेला, थेट त्यांच्या तोफेसमोर.

"आता मारा! दाबा बटण!"

काकांनी दाबलं ते चाकं सोडायचं बटण. पाय दाणकन जमिनीवर आपटला. विमान दोनदा उसळलं, घसरलं आणि न मोडता उभं राहिलं.

"अहो बाबा, हाती आलेला शत्रू सोडलात!"

काकांनी घाम पुसला. "त्याला घाई होती, तो गेला. मला गाडी स्टॉपला लावायची होती."