मावशीकडे आलोय

तिसऱ्या मजल्यावरच्या, कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरने पहिली बॅग जिन्यातून खाली फेकली त्या दुपारी सगळ्या बिल्डिंगला वाटलं, कुणाचा तरी सिलिंडर फुटला. बॅग चाकांची होती, चौथ्या मजल्यावर उतरलेल्या एका पाहुण्याची. कठड्यावरून सुटली, दोनदा आपटली आणि तळाशी जाऊन फाटली. दाढीचं सामान, लाल स्वेटर, गोळ्यांची पाकिटं मीटरच्या पेट्यांखाली पसरली. पाहुणा कठड्याला धरून खाली बघत राहिला.

"आता तू," टर्नर म्हणाला. "पायांनी उतरतोस की तुलाही सोडू?"

वरच्या पायरीवर पडदेवाली उभी होती. "अहो भाऊजी, हे काय चाललंय?"

"भाऊजी नाही म्हणायचं. तुम्ही साऱ्या जगाच्या मावशी. माझ्या कुणी लागत नाही."

हाच माणूस वीस वर्षं तिला वहिनी म्हणत आला होता. तिचा नवरा आणि तो, दोघांनी मिळून तिचं शिलाई मशीन चार मजले वाहून वर आणलं होतं. लिफ्ट तेव्हाही नव्हती.

पडदेवालीने जन्मभर पडदेच शिवले. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, घरी येऊन कापड बेतायचं, चुण्या घालायच्या, अस्तर लावायचं, आणि स्टुलावर चढून आपल्या हातांनी टांगून यायचं. "निम्म्या गावाची अब्रू मी झाकलीय," असं ती हसत म्हणायची. मग तयार पडदे आले. मग नवरा गेला. मुलगा म्हणाला, "आई, घर विक आणि इकडे ये." ती आठ दिवस राहून बघून आली. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायचं आणि सून उठायच्या आत चादरीची घडी करून ठेवायची. परत आल्यावर ती टर्नरच्या बायकोला म्हणाली, "पोटच्या पोराकडे पाहुणी होऊन राहण्यापेक्षा आपल्या घरात पाहुणे ठेवलेले बरे."

आणि तिने ठेवले. दोन खोल्यांना जिन्यावर दोन दारं होती. आतल्या खोलीत ती, मशीन आणि ओटा; बाहेरची खोली दिवसाच्या भाड्याने ॲपवर. तिच्या दाराशेजारी आकड्यांची लोखंडी पेटी बसवली. आकडे जुळवले की पेटी उघडायची, आत किल्ली. ती खोली भरलेली होती म्हणून घर टिकलं होतं, एवढा साधा हिशोब. खोली बंद म्हणजे सोफा.

बिल्डिंगच्या नियमात दिवसावारी भाडेकरू बसत नव्हते. पाहुणे बसत होते. म्हणून ती प्रत्येकाला आधीच कळवायची, जिन्यात कुणी हटकलं तर एवढंच सांगा: मावशीकडे आलोय.

सगळे सांगायचे. ज्यांना भाषा येत नव्हती तेही 'मावशी' एवढा शब्द पाठ करून यायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, टक्कल पडलेला एक गृहस्थ धापा टाकत वर आला आणि टर्नरला म्हणाला, मावशीकडे. तेव्हा टर्नरही हसला होता. "वहिनी, तुमच्या आईला मुली तरी किती हो? शंभर की दोनशे?"

खरी बहीण तिला एकच होती. ती वारली. तिचा एकुलता एक मुलगा लहानपणी चार वर्षं पडदेवालीकडेच वाढला. त्याला मावशी म्हणता येईना, तो 'माशी' म्हणायचा. आता पस्तिशीचा झाला, फरशी बसवायची कामं घेत गावोगाव फिरायचा, तरी फोनवर पहिला शब्द तोच. "माशी, कुठं घोंगावतेस?"

हसण्यावारी जाणारा काळ एका दुपारी संपला. दोन पाहुणे दिवसाढवळ्या ढोसून आले. टर्नरची बायको भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या पुढे जिना चढत होती, सावकाश, जड बाई. त्यांना घाई होती. एकाने तिला खांद्याला धरून बाजूला लोटलं. ती बारा पायऱ्या घरंगळली. खुब्याचं हाड मोडलं. त्या दोघांनी वर जाऊन झोप काढली, आणि टर्नर दवाखान्यातून परत यायच्या आत किल्ली पेटीत टाकून निघून गेले. जाताना ॲपवर लिहून गेले: मावशी फार प्रेमळ. पाच तारे.

टर्नर वर आला. त्याच्या शर्टावर बायकोच्या पिशवीतल्या टोमॅटोचा रस वाळला होता. "नावं द्या."

"ती आपल्याला देता येत नाहीत हो. तसा नियम आहे त्यांचा."

नावं तिच्या फोनमध्ये होती. दिली असती तर पोलीस आले असते आणि खोलीला कुलूप लागलं असतं. टर्नरने तिच्या दारावर मूठ मारली, लाकडाला खोक पडली. त्या दिवसापासून वहिनी संपली.

टर्नरची पाळी रात्रीची. सकाळी यंत्रावरून यायचा आणि दुपारी झोपायचा. नेमक्या दुपारी त्याच्या डोक्यावर बॅगा गडगडायच्या. खाटेला खिळलेली बायको काठीने छताला ठोसे मारायची. ठक ठक ठक. बॅगा फेकणं तेव्हा सुरू झालं. एका पाहुण्याच्या नाकाचं हाड मोडलं, दुसऱ्याच्या बॅगेची चाकं टर्नरने करवतीने कापून जिन्यात ओळीने मांडून ठेवली. पाहुण्यांपैकी कुणी तक्रारीला थांबायचं नाही. त्यांचं विमान असायचं.

शेवटी सेक्रेटरी कागद घेऊन आला. "रविवारी मतदान. दिवसाच्या खोल्या बंद करायचा ठराव आहे."

"तुमचं मत कुठं?"

"माझ्यापर्यंत आवाज येत नाही, मला झोप लागते हो," सेक्रेटरी म्हणाला. "माझं मत जिकडे जास्त हात तिकडे. पण तिसरा मजला ज्या बाजूला जाईल तिकडे बिल्डिंग जाणार."

म्हणून तिने भाच्याला बोलावलं. बाहेरच्या खोलीतली फरशी काढायची, खाली जाड रबर अंथरायचं, वर नवी फरशी. आवाज गेला तर टर्नरचा राग निदान हातभर खाली येईल. भाचा म्हणाला, "शुक्रवारी येतो." आणि दुसरीकडचं काम लवकर उरकलं म्हणून न कळवता गुरुवारीच आला.

गुरुवारी चार वाजता तिच्याकडे एक पाहुणा यायचा होता. साडेतीनला ती सुईत दोरा ओवत बसली होती, मशीन थांबलेलं. खालून बॅग चढायला लागली. अशी बॅग आजवर आली नव्हती. पायरीगणिक धाड. जणू कुणी ऐरण ओढत आणत होतं. तिने मनात त्या पाहुण्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलेलं तिने ऐकलं.

"कुणाकडे?"

"मावशीकडे आलोय."

"कुठल्या मावशीकडे?"

"सख्ख्या हो, सख्ख्या." बोलणारा हसत होता, दमलेला होता. आवाज जिन्यात घुमून वर येईपर्यंत कुणाचाही झाला होता.

मग कानाखाली बसलेल्याचा आवाज आला, आणि भिंतीवर डोकं आपटल्याचा. "सख्खी? माझ्या बायकोला ढकलताना सख्खी नव्हती का रे?"

"अहो, काय... मावशी! मावशी!"

ती उठली. दारापाशी गेली. हात कडीवर ठेवला, आणि हळूच, आवाज न करता, कडी घातली. बाहेर गेलं की आपण भांडणात सापडणार, तीन दिवसांवर मतदान. पाहुण्याला चार फटके बसतील, तो निघून जाईल. सगळे जातात. "मावशी!" तो पुन्हा ओरडला. ती मशीनवर बसली आणि खाली कापड नसताना पायडल मारायला लागली. जोरात. खडखडाटात बाकीचं बुडालं.

कापडाशिवाय मशीन फार चालत नाही. दोऱ्याचा गुंता झाला, सुई अडकली, पायडल थांबलं. त्या शांततेत जिन्यातून एकच शब्द वर आला, तोंडात रक्त असल्यासारखा, अर्धवट.

"माशी..."

कडी कशी काढली ते तिला आठवत नाही. हातात कापडाची मोठी कात्री होती. मधल्या वळणावर भाचा पालथा पडला होता. बॅग उघडी, थाप्या, लेव्हल, ओळंबा पायऱ्यांवर सांडलेले. टर्नरने त्याचा उजवा हात पायरीच्या कडेवर दाबून धरला होता आणि त्याच्याच रबरी हातोड्याने मनगटावर मारत होता. रबराचा आवाज फारसा होत नव्हता. हाडाचा होत होता. तिने कात्री टर्नरच्या दंडात मुठीपर्यंत खुपसली. वळून त्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. दोघांची नाकं सारखी होती.

"हा खरा आहे?" टर्नरने विचारलं.

जिन्यातलं एकही दार उघडलं नव्हतं.

दवाखान्यात अर्ज भरून घेणारीने विचारलं, "पेशंटशी नातं?"

"मावशी."

"सख्खी?"

"हो हो, सख्खी!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की रांगेतली माणसं वळली.

मनगटाचे चार तुकडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, हात हलेल, पण ओझं पेलणार नाही. भाचा सुजलेल्या तोंडाने छताकडे बघत पडला होता. छतावर पट्ट्या बसवलेल्या होत्या. "वाकड्या बसवल्यात बघ," तो म्हणाला. मग मान वळवून, "माशी, किती हाका मारल्या मी. ऐकू नाही आल्या?"

"मशीन चालू होतं रे."

"तरीच," तो म्हणाला. त्याला ते लगेच पटलं. त्याने एक शंकासुद्धा काढली नाही.

सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी फळं घेऊन आला. बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसला. "टर्नरच्या दंडाला अकरा टाके. तुमच्या भाच्याचा हात. टर्नर तुमच्यावर तक्रार देणार, तुम्ही त्याच्यावर. दोघंही आत जाल. त्यापेक्षा मिटवू. भाचा पाय घसरून पडला, टर्नरला यंत्र लागलं. आणि तो ठराव मी मांडतच नाही. टर्नरही तयार आहे. तुमची खोली चालू राहील, कुणी हूं की चूं करणार नाही."

आत भाच्याने ऐकलं होतं. "मिटव माशी. माझा हात काही परत येत नाही. तुझं घर तरी राहील."

ती फळं बाकावरच ठेवून उठली आणि चालत पोलीस चौकीत गेली. जबाब लिहून घेणारा पोलीस तरुण होता आणि त्याला ती बिल्डिंग ठाऊक होती.

"म्हणजे मारहाण झालेला तुमचा कोण?"

"बहिणीचा मुलगा."

तो पेन थांबवून हसला. "बाई, त्या जिन्यात जो सापडतो तो तुमच्या बहिणीचाच मुलगा असतो."

"हा आहे. याला मी आंघोळ घातलीय."

"बरं. मारहाण सुरू झाली तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"घरात. तो मावशी मावशी म्हणून ओरडत होता. मी ऐकलं. मी कडी घातली."

"का?"

"मला वाटलं पाहुणा आहे."

पोलिसाने वर पाहिलं. "हे लिहायची काही गरज नाही."

"लिहा. मग मी मशीन चालू केलं, ऐकू येऊ नये म्हणून. तेही लिहा. आणि त्या दोघांची नावं लिहा, टर्नरच्या बायकोला ढकलणाऱ्यांची. माझ्याकडे आहेत. आणि कात्री मी मारली. आता मी म्हणते तसंच लिहा, आणि टर्नरने हातोड्याने किती मारले तेही. मी पाच मोजलेत. आधीचे मला मोजता आले नाहीत, ते तुम्ही त्यालाच विचारा."

सही करून ती चालतच घरी आली.

चौथ्या मजल्यावर एक नवरा-बायको तिच्या पेटीचे आकडे जुळवत उभे होते. ॲपवर खोली उघडीच राहिली होती. बॅगा त्यांनी चाकं वर करून, हातात उचलून आणल्या होत्या. कुणीतरी खाली घाबरवलं असणार. बाई हसली. "मावशी?"

"मावशी मेली," पडदेवाली म्हणाली. "सरका."

जिन्याच्या कोपऱ्यात कुणीतरी गोळा करून ठेवलेली भाच्याची बॅग होती. तिने वाकून दुसरा हातोडा काढला. पहिला पोलिसांकडे होता. हाही रबरीच. तिने पेटीवर घाव घातला. रबर उसळून परत आलं, तिच्या कपाळाजवळून गेलं. तिने पुन्हा घातला. पेटीला ओरखडाही नाही. नवरा-बायको बॅगा उचलून खाली पळाले. ती मारत राहिली, दोन्ही हातांनी, स्क्रूभोवतीचं प्लॅस्टर भुगा होऊन तिच्या पायांवर पडू लागलं. सगळ्या जिन्यात तो बद बद आवाज भरला.

एकही दार उघडलं नाही. कुठेतरी दुसऱ्या मजल्यावर कडी घातल्याचा आवाज तेवढा तिला आला. हळूच घातलेली कडी. तो आवाज आता ती कुठेही ओळखेल.

खालून टर्नरच्या बायकोने छताला काठीचे ठोसे द्यायला सुरुवात केली. ठक ठक ठक.

"झालं गं बाई, झालं," पडदेवाली ओरडली, "एवढं एक होऊ दे," आणि पुढचा घाव घातला.