अमृतप्पांचं ब्याड

हळ्ळीखेडच्या अमृतप्पांनी उभ्या आयुष्यात मुंगी मारली असेल तर ती चुकून, पायाखाली आली म्हणून. कापडाच्या दुकानात झुरळ निघालं की ते पुठ्ठ्यावर घेऊन रस्त्यापलीकडे सोडून येत, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक निघून गेलं तरी त्यांचं काही बिघडत नसे. असा माणूस साठी ओलांडल्यावर तोंडाला रंग लावून, डोक्यात पीस खोवून, मशाल घेऊन परक्या वस्तीवर चालून गेला, हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण गेले खरे. मोबाइलवर गेले, एवढंच.

सुरुवात गुडघ्यापासून झाली. मांडी घालून बसायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं आणि दुकानाची गादी सुटली. मुलानं, प्रशांतकुमारनं, गादी काढून काउंटर बसवला, काचेचं दार लावलं आणि अप्पांना दाराशी एक प्लास्टिकची खुर्ची दिली. आत येणाऱ्याला पहिली अडचण त्यांचीच होई. महिन्याभरात ते समजले आणि घरी बसू लागले. घरी बसले तर बायकोच्या, नेत्रावतींच्या, पायात येऊ लागले.

"चाळीस वर्षं बायकांना लुगडी दाखवलाव," नेत्रावती म्हणाल्या, "आता मला तोंड दाखवत बसू नका. काहीतरी करा."

मुलगी दानेश्वरी पुण्याला कंपनीत होती. तिचा रोज संध्याकाळी फोन येई. अप्पा विचारत, जेवलीस का. ती म्हणे, व्हय. अप्पा विचारत, पाऊस हाय का. ती म्हणे, न्हाई. मग अप्पा फोन बायकोकडे देत. भांडण नव्हतं, राग नव्हता. बोलायला काही सापडत नव्हतं. लहानपणी दुकानात कापडाच्या ताग्यांमागे लपून त्यांच्याशी तासन्‌तास बोलणारी हीच पोरगी, आणि फोन हातातून गेला की अप्पांना वाटे, आजचीही संध्याकाळ आपण हातानं घालवली.

बसवजयंतीला ती आली तेव्हा बापाची अवस्था बघून तिनं त्यांच्या मोबाइलवर एक खेळ घातला. जंगल, नदी, मधे माती आणि बांबू. माणूस उघडाबोडका समुद्राकाठी जागा होतो. मग कंदमुळं खायची, झोपडी बांधायची, टोळीत सामील व्हायचं आणि टिकून राहायचं. दानेश्वरीची टोळी होती, तिच्या ऑफिसातल्या पोरांची.

"हे पिसंवाले लोक कुठले म्हणायचे?" अप्पांनी विचारलं.

"कुठलेच न्हाईत अप्पा. कंपनीनं बनवलेत."

"मंग यांना देवधर्म?"

"तो तुम्ही आणा."

आणि अप्पांनी आणला. तोंड रंगवायच्या पर्यायांत लाल डोळे होते, काळी कवटी होती, वाघाचे पट्टे होते. शोधता शोधता त्यांना कपाळावर आडव्या तीन पांढऱ्या रेघा सापडल्या. विभूतीच ती. त्यांनी लगेच लावली. पुण्याची पोरं बघतच राहिली. टोळीच्या नायकाचं खेळातलं नाव 'वाघनख' होतं, तो म्हणाला, "काका, काय डेंजर दिसताय."

टोळीत सगळे शिकार करत. हरणाचं मांस खात, कातडं पांघरत. अप्पांनी भाला हातात घेतला नाही. झाडाच्या सालीचे धागे काढून त्याचं कापड करता येई, तेच त्यांनी अंगावर घेतलं. खेळातला तो सगळ्यात हलका पोशाख. वाऱ्यानंही जीव कमी होई. अप्पांनी फक्त एवढंच म्हटलं की वीण चांगली आहे, रंग जाईल. पोटाला रताळी आणि मका. उरलेल्या वेळात बांधकाम. टोळीची भिंत त्यांनीच लिंपली, कोठार त्यांनीच शाकारलं.

दानेश्वरी पुण्याला परतली तरी रोज संध्याकाळी दोघं बापलेक खेळात बांबू तोडायला नदीकाठी जात; टोळीतल्यांना एकमेकांचं बोलणं मोबाइलवर ऐकू येई. हात कामात असले की तोंड मोकळं होतं, तसं झालं. एक मोळी बांधता बांधता दानेश्वरीनं सांगितलं की घरमालकीण किरकिर करायलीय. दुसरी बांधताना सांगितलं की मागची नोकरी तिनं सोडली नव्हती, त्यांनीच काढलं होतं, आणि नवी लागेपर्यंत ती खोलीवर नुसती बसून होती.

"आम्हाला कामून सांगितलं न्हाईस?" अप्पांचा बांबू तसाच राहिला.

"फोनवर कसं सांगायचं? तुम्ही पाऊस विचारायलाव."

अप्पांनी बांबू तोडला. मग म्हणाले, "पाऊस आता विचारणार न्हाई." त्या दिवसापासून ती संध्याकाळ त्यांना देवपूजेइतकी ठरलेली वाटू लागली. पूजा एक वेळ पुढेमागे झाली असती, ही नाही.

मग त्यांनी ते भांडं मांडलं. मातीचं मोठं भांडं, खाली चूल. त्यात रताळी, मका, पालाभाजी घालून शिजवलं की येईल त्याला खाता येई. बाकीच्यांनी भांडी भिंतीच्या आत ठेवली होती. अप्पांनी वेशीबाहेर, नदीच्या वाटेवर ठेवलं.

"काका, पलीकडची टोळी येऊन खाऊन जातेय," वाघनख कुरकुरला.

"खाऊ द्या की. दासोह हाय तो, मठातल्या पंगतीसारखा. पानावर बसलेल्याला कुणी गाव विचारतंय का?"

सकाळीही ते भांडं भरायला बसू लागले. नेत्रावती म्हणाल्या, "घरातला माठ भरा म्हटलं की गुडघा दुखायलाय. तिथं बरं नदीवरून पाणी आणायलाव." अप्पांनी उठून माठ भरला आणि पुन्हा येऊन बसले.

खाणाऱ्यांत एक निळ्या पिसाची बाई नेहमीची होती. कुणाशी बोलत नसे. खाऊन झालं की चुलीशी चार लाकडं ठेवून जाई. अप्पांना हे फार आवडलं. रीत कळणारं घर दिसतंय, असं ते नेत्रावतींना म्हणाले.

खेळात थंडी आली तसं वाघनखानं फर्मान काढलं. पलीकडच्या टोळीचं कोठार भरलेलं आहे, ते लुटायचं. प्रत्येकानं यायचं. जो येणार नाही तो टोळीबाहेर. हे कुणाला उद्देशून आहे ते सगळ्यांना कळलं.

"अप्पा, तुम्ही नुसती मशाल धरा," दानेश्वरी म्हणाली. "तुम्हाला काढलं तर टोळीतला आवाज बंद होतो. आपलं बोलणं बंद होईल."

संध्याकाळ जाईल, एवढंच अप्पांना ऐकू आलं. ते गेले. अंगावर सालीचं कापड, विभूती, हातात मशाल, आणि इकडे हळ्ळीखेडला पलंगावर पाय लांब करून बसलेले. नदी ओलांडली, वेशीचं दार फुटलं, आरडाओरडा सुरू झाला; लढाईत दोन्ही टोळ्यांचे आवाज एकमेकांना ऐकू येत. मशालीच्या उजेडात एका झोपडीच्या दाराशी निळं पीस दिसलं. वाघनखानं सोटा उगारला होता.

अप्पांच्या घरी मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली. हिशेब मराठीत, देव कन्नडमध्ये, आणि जीव घाबरला की कन्नडच. ते ओरडले, "ब्याड, ब्याड." म्हणजे नको, नको. पण पुण्याच्या कानांना मोबाइलच्या खरखरीतून ते 'बेड, बेड' असं ऐकू आलं.

आणि या खेळात बेड म्हणजे सर्वस्व. मेलेला माणूस पुन्हा आपल्या बेडवरच जागा होतो. बेड फुटला तर तो सगळं गमावून समुद्राकाठी उघडाबोडका पडतो. शत्रूचे बेड कुठे आहेत हे शोधण्यातच अर्धी लढाई जाते.

"शाब्बास काका," वाघनख गरजला. "इथंच आहेत बेड. फोडा."

सोटे त्या झोपडीवर पडले. "अरे ब्याड म्हणायलोय मी, ब्याड," अप्पा म्हणत राहिले, आणि ते जितकं म्हणतील तितके बेड फुटत राहिले.

तेवढ्यात निळं पीस पहिल्यांदा बोललं. "ब्याड म्हणायलाव नव्हं तुम्ही? कुठलं गाव तुमचं?"

"हळ्ळीखेड. तुमचं?"

"निंबर्गा. अंबिका म्हणतात मला."

"निंबर्ग्यात आमचे साडू हायत. सिद्धलिंगप्पा."

"मठाजवळचे? त्यांच्या मागलं घर आमचं. कालच ताक आणलंय त्यांच्याकडून. तुमचं ऊट आतेन्री?"

जेवण झालं का, असं ती विचारत होती. अप्पा उत्तर देणार, तोच वाघनख म्हणाला, "काका, लढाई चालू आहे," आणि त्यानं तिला सोटा हाणला. निळं पीस तेवढं जमिनीवर उरलं.

अप्पांनी मोबाइल पालथा घातला. नेत्रावतींनी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "साडूच्या शेजारणीला मारलं आपण."

दुसऱ्या सकाळी त्यांनी भांड्याभोवती गवताच्या चटया विणायला घेतल्या. कातडं नसलं तर चटईही खेळाला बेड म्हणून चालते, फक्त लवकर झिजते. पंगतीला पाटाला पाट लावून मांडतात तशी त्यांनी वेशीबाहेर चटयांची ओळ मांडली आणि निंबर्ग्याला साडूंमार्फत निरोप धाडला की मागच्या घरातल्या अंबिकाला सांगा, समुद्राकाठी राहू नका, भांड्यापाशी या. सिद्धलिंगप्पांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी निरोप जसाच्या तसा पोचवला.

संध्याकाळी वाघनख वेशीवर आला तर त्यानं काल हरवलेली अख्खी टोळी त्याच्याच दारात झोपून उठत होती आणि रताळी खात होती.

पंचायत बसली. खांबापाशी प्रत्येकानं खडा टाकायचा. पांढरा पडला तर काका राहणार, काळा पडला तर जाणार.

"तुम्हाला माहितीये ना काका, हे शत्रू आहेत?"

"शत्रू असतील. पण माझ्या शब्दानं त्यांचं अंथरूण गेलं. ते मी नाही तर कुणी द्यायचं?"

"तुम्ही तर ते शोधून दिलंत."

"मी नको म्हणालो होतो, बाबा. तुम्हाला कन्नड येत न्हाई, यात माझी काय चूक?"

दोघंतिघं हसले. वाघनख हसला नाही. दानेश्वरी काहीच बोलली नाही, आणि अप्पांचं सगळं लक्ष त्या न बोलण्याकडे होतं. खडे पडले; काळ्यांचा ढीग मोठा होता. पडद्यावर एक ओळ आली, वेशीचं दार मिटलं आणि कानातले सगळे आवाज एकदम गेले. फक्त नदीचा राहिला.

पुढच्या संध्याकाळी अप्पांनी मोबाइल हातात घेतला नाही. नेत्रावतींनी ज्वारी निवडायला घेतली होती, त्यातले खडे काढत बसले. नेहमीच्या वेळी फोन वाजला. आता जेवलीस का, पाऊस हाय का, असं मनाशी जुळवत त्यांनी तो उचलला.

"अप्पा, हे भांडं रिकामं कामून हाय?"

"आँ?"

"तुमचं भांडं. मी त्याच्यापाशी उभी हाय. अंबिकाक्का हाय इथं, अजून चौघं हायत. सगळे उपाशी. तुम्ही काय करायलाव?"

"ज्वारी निवडायलोय." मग त्यांनी विचारलं, "वाघनख आत येऊ देईल का तुला, बाहेरच्यांशी बोलल्यावर?"

"मी आत न्हाईच. कालच निघाले. माझा खडा पांढरा होता, अप्पा. बोलले असते तर रडू आलं असतं, तेही ऑफिसातल्या पोरांपुढे."

नेत्रावतींनी ज्वारीचं सूप त्यांच्या मांडीवरून अलगद उचलून घेतलं. अप्पांनी फोन कानाला लावूनच चष्मा शोधला, मग तो कपाळावर आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

"थांब, आलोच. आधी चूल पेटव. लाकडं अंबिकाक्कानं ठेवली असतील, डाव्या बाजूला."

"हायत. आणि अप्पा, माझा बेड आतच राहिला. मला बी एक पाहिजे."

"बेड की ब्याड?" अप्पांनी विचारलं. "नीट सांग. एकदा घोळ झालाय."

"बेड," दानेश्वरी म्हणाली. "तुमच्या भांड्याच्या शेजारी. आणि या लवकर, बांबू तोडायला जायचंय."