साहेबांच्या सोफ्यापुढचा बॉक्स

स्टेजवर गाणाऱ्याच्या पायाशी एक बॉक्स त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. लोकांना तो उलटा ठेवल्यासारखा दिसतो. आम्ही साउंडवाले त्याला मॉनिटर म्हणतो. मोठ्या बॉक्सचा आवाज लोकांकडे जातो. आपण काय गातोय हे गाणाऱ्याला कळतं ते या लहान बॉक्समधून. तो बंद असला तर मागच्या ड्रम आणि ढोलकीच्या गदारोळात स्वतःचा आवाज स्वतःला सापडत नाही. हे मला त्या दिवशीही पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो.

दुष्काळाचं साल होतं. माजलगावच्या बाजूच्या एका सहकारी कारखान्यात गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम होता आणि मोळीनंतर ऑर्केस्ट्रा. ऊस निम्माही नव्हता, पण मंडप दरवर्षीएवढाच. एरवी गाड्यांनी भरलेल्या अंगणात स्टेज बांधलं होतं, आणि वाऱ्याबरोबर येणारी धूळ माझ्या मिक्सरच्या बटणांत बसत होती. मी दर गाण्याला फडक्यानं पुसत होतो.

ऑर्केस्ट्रा चालवणारे मास्तर स्वतः कीबोर्ड वाजवायचे. गायला एक बाई होत्या, तिशीच्या आतबाहेर. आवाज असा, की चेकिंगला त्यांनी नुसता सूर लावला तरी खुर्च्या मांडणारे थांबायचे. मला दादा म्हणायच्या. मी त्यांना ताई.

चेकिंग झाल्यावर कारखान्याचे एक संचालक स्टेजजवळ आले. समोर मधोमध पाहुण्यांचे सोफे होते आणि माझे मोठे बॉक्स मंडपाच्या दोन टोकांना, त्यामुळे सोफ्यांवर आवाज खरंच कमी पडत होता. त्यांनी ताईंच्या बॉक्सकडे बोट केलं.

"हा डबा उलटा कावून ठेवलाय बे? बाईला तिचं गाणं पाठच आसंल की. साहेब लोकायला ऐकू द्या."

मी हसलो. ते हसले नाहीत. सोफ्यापुढं एक बॉक्स लावा, एवढं सांगून निघून गेले.

जादा बॉक्स टेम्पोत होता, पण तो चालवायला अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. मोठ्या बॉक्सचा भरलेला होता, आणि मॉनिटरच्या एकाला दोनच लाइनी: एक मास्तर आणि वाजवणाऱ्यांच्या मॉनिटरला, दुसरी ताईंच्या. मास्तरांची काढली असती तर त्यांनी अर्ध्या मिनिटात मला स्टेजवरून हाक मारली असती. ताई भिडस्त होत्या. मी त्यांची वायर काढली आणि सोफ्यापुढच्या बॉक्सला जोडली. त्यांचा बॉक्स जागेवरच ठेवला. त्याला सकाळी कुणीतरी झेंडूची माळ घातली होती, तीही तशीच होती.

का केलं, हे मी बरीच वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आमचा दीड एकर ऊस उभ्या उभ्या वाळत होता. वडील रोज फडात जाऊन पाचट चुरगाळून बघायचे. तोडणीची टोळी आधी कुणाकडं जाणार आणि आमच्याकडं कधी येणार, हे ज्यांच्या शब्दावर ठरायचं त्यांतले हे संचालक एक. त्यांनी उसाचा विषयही काढला नव्हता. तो मीच मनातल्या मनात काढला आणि मीच त्यांच्या वतीनं मला उत्तर दिलं. आठवडाभरानं टोळी आली. वायरीमुळं आली की यायचीच होती, ते मला आजही ठाऊक नाही.

पहिल्या गाण्यात ताई मुखड्यापर्यंत नीट होत्या. अंतऱ्याला ड्रम चढला आणि त्यांचा आवाजही चढला, सुराच्या वर. ऐकू येईना की माणूस ओरडतो. प्रत्येक गाणारा ओरडतो. दुसऱ्या गाण्यात त्यांनी माझ्याकडं बघून कानाला बोट लावलं. ही खूण जगातल्या सगळ्या साउंडवाल्यांना कळते. मी मान हलवली, मिक्सरवर हात नेला आणि काहीच न जोडलेलं बटण वर सरकवलं.

गाणं संपल्यावर त्या खाली वाकून म्हणाल्या, "दादा, थोडं वाढवा ना. मला मीच ऐकू येईना."

"फुल्ल हाय ताई," मी म्हणालो. "आता वाढवला तर बॉक्स शिट्टी मारंल."

त्यांनी त्या माळ घातलेल्या बॉक्सकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढच्या गाण्यात त्यांची पट्टीच सुटली. मागं बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. सोफ्यांवरचे पाहुणे मान खाली घालून हसले; त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, माझ्या कृपेनं. शेवटची दोन गाणी मास्तरांनी स्वतःच गाऊन काढली. सामान भरताना त्यांनी मला एकदाच विचारलं, मॉनिटर नीट होता का. मी म्हणालो, नीट होता.

महिन्याभरात ताईंनी ऑर्केस्ट्रा सोडला. मी पुढं आणखी दोन अ‍ॅम्प्लिफायर घेतले, मग चार. आता तर गाणारे कानातच इअरफोनची बोंडं घालून येतात. पण कुणीही कानाला बोट लावलं की त्या रात्री मी घरी जेवत नाही. बायकोनं कितीदा विचारलं. मी ऊन लागलं म्हणायचो.

मागल्या वर्षी पाटोद्याकडच्या एका गावात महिला दूध संस्थेच्या वार्षिक सभेला साउंड लावला. माईकवर अहवाल वाचायला सचिवबाई उठल्या. केस पिकलेले, चष्मा. एका हातात कागद धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट कानात घातलं. गाणारे लोक सूर पकडायला असं करतात. अहवाल वाचायला कुणी करत नाही. आवाजावरून मी ओळखलंच होतं. बोटावरून खात्री झाली.

जेवणाच्या सुट्टीत त्या पत्रावळी मोजून देत होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला लगेच ओळखलं, जेवलात का विचारलं. मी म्हणालो, आधी एक सांगायचं हाय. आणि सांगितलं. संचालक, वायर, ऊस, ते रिकामं बटण, सगळं. वाटलं होतं लई वेळ लागंल. वरणाचं भगुनं उतरवायच्या आत सांगून झालं.

त्यांनी हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या.

"वायर कुठल्या गाण्याला काढली?"

"पहिल्याच्या आधी."

"म्हंजे सगळ्याच गाण्यांला डबा बंद."

"सगळ्याच."

त्या चुलाणापासून बाजूला आल्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. त्या कार्यक्रमानंतर त्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात कान तपासायला गेल्या होत्या. बंद खोलीत बसवून कानावर यंत्र लावलं, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. त्यांना सगळे आवाज ऐकू आले. कान चांगले आहेत, डॉक्टर म्हणाले.

"मी एस्टीत बसून रडले," त्या म्हणाल्या. "कान खराब निघाला आसता तर बरं झालं आसतं. चांगला निघाला म्हंजे माझ्यातच सूर न्हाई."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीचं नंतर बघू, आधी मास्तरांना सांगा. आत्ता, माझ्यासमोर.

मास्तर आता थकलेत, ऐकायला कमी येतं. मी फोन लावला आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"जोरात बोल बे. काय ऐकू येईना."

मी जोरात बोललो. अजून जोरात, म्हणाले. शेवटी पंगतीत बसलेल्या सगळ्या बायका घास हातात धरून माझ्याकडं बघायला लागल्या आणि मी मंडपात उभा राहून ओरडत होतो, "मास्तर, त्या दिवशी ताईचा मॉनिटर बंद होता. मी बंद केलता. मी खोटं बोललो."

मग मास्तर म्हणाले, "तिला दे फोन."

ते काय बोलले मला कळलं नाही. ताई नुसतं हूं हूं करत होत्या. एकदा म्हणाल्या, आता कुठं मास्तर. मग पदरानं डोळे पुसले आणि मध्येच हसल्या. फोन परत देताना मला म्हणाल्या, "म्हातारा तुमाला लई शिव्या देतोय. मी थांबवलं न्हाई."

मलाही हसू आलं. मी वरणभात जेवलो, दोनदा वाढून घेतला.

दुपारी बक्षिसं होती. सभा पुन्हा सुरू व्हायच्या आधी मी टेम्पोतून एक बॉक्स आणला आणि ताईंच्या पायाशी, त्यांच्याकडं तोंड करून ठेवला. वायर जोडली, दोनदा ओढून पाहिली. संस्थेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, अहो, हा डबा उलटा झाला, समोर बायका बसल्यात.

"तो ताईंचा हाय," मी म्हणालो. "तसाच ऱ्हाऊ द्या."

ताई माईकपुढं आल्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या, बॉक्समधून स्वतःला ऐकलं आणि जरा थांबल्या. मी बटण केसभर वर नेलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, एवढं पुरे. मग दोन्ही हातांत कागद धरून नावं वाचायला सुरुवात केली. सगळ्यांत जास्त दूध घालणारी, मग दुधाला फॅट चांगली लागलेली, मग टँकरच्या पाण्यावर दोन म्हशी जगवलेली. एरवी अशा सभेत मी मिक्सरवर डोकं टेकून डुलकी काढतो. त्या दिवशी शेवटच्या नावापर्यंत ऐकत बसलो.