उतरत्या टेबलाचा कॅसिनो

पुणतांब्याहून सकाळी सहाला निघणारी मिनीबस पावणेआठला निघाली. तोवर आम्ही चौकात थंडीत उभे राहून सहलीचा पहिला आनंद घेतला. सहल नेणाऱ्या गृहस्थांनी छापलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : "हुरडा, स्विमिंग पूल आणि कॅसिनो. एका दिवसात, परवडणाऱ्या दरात." परदेशात लोक या गोष्टींसाठी विमानानं जातात. आम्हाला राहुरी ओलांडून डोंगराकडे वळलं की झालं.

सोबत माझा थोरला भाऊ शांतवनदादा आणि मार्थावहिनी. दादा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. हाताखाली कुठलंही मशीन आलं की नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा. एकेकाळी मात्र तो पत्त्यांत इतका बुडालेला होता की पोरीच्या साखरपुड्यालाही पोचला नाही. पाहुणे जेवून गेले आणि हा दोन गावं पलीकडे पत्त्यांच्या फडावर बसलेला. त्यानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर, पाळकसाहेबांसमोर, त्यानं पत्त्याला हात न लावण्याची शपथ घेतली. त्याला अकरा वर्षं झाली.

"कॅसिनो लिहिलंय," कागद वाचून वहिनी म्हणाली.

"अगं, आपल्याकडे खऱ्या कॅसिनोला बंदी आहे. प्लॅस्टिकच्या चकत्या असतात. मुलांचा खेळ," मी म्हणाले. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. माझ्या बोलण्यात एक खात्री असते, तिच्यामुळे बऱ्याच लोकांचं नुकसान झालंय.

वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी आम्हाला रस्ता दिला नाही आणि खड्ड्यांनी झोप दिली नाही. साडेदहाला रिसॉर्टची कमान दिसली. तिच्या दोन्ही बाजूंना फायबरचे डायनासोर होते. एकाची शेपटी तुटून आतली लोखंडी सळई दिसत होती. स्विमिंग पूलमध्ये घोट्यापर्यंत पाणी होतं आणि काठावर पाटी : "खोल पाण्यात जाऊ नये." स्वागताला गुलाबपाणी शिंपडलं गेलं, तेही नेमकं माझ्या चष्म्यावर.

मग हुरडा. आमच्या भागात थंडीत शेतातच आगटी (गोवऱ्यांचा विस्तव केलेला खड्डा) पेटवून त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजतात आणि गरम गरम दाणे तळहातावर चोळून खातात. इथे चारही बाजूंना ज्वारी उभी होती आणि हुरडा मात्र फ्रीजमधल्या पिशवीतून आला.

"शेतातला का नाही?" मी वाढप्याला विचारलं.

"ती ज्वारी शेजाऱ्याची हाय, मॅडम. फोटोसाठी परवानगी घेतलीय," तो म्हणाला.

जेवण मात्र झकास होतं. काळ्या मसाल्याची आमटी आणि बाजरीची भाकरी. स्वयंपाकघरातल्या बायका आसपासच्या गावांतल्या असाव्यात. त्यांना कुणी थीम समजावून सांगितलेली दिसत नव्हती.

कॅसिनो म्हणजे जुना लग्नाचा हॉल. व्यासपीठावर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या अजून होत्या. छताला रंगीत दिवे आणि भिंतीवर समुद्राचं चित्र. दारात प्रत्येकाला वीस चकत्या मिळाल्या. जास्त जिंकणाऱ्याला बक्षीस : पाण्याची बाटली, स्टीलचा डबा आणि सर्वांत वर मिक्सर. त्या मिक्सरकडे पाहून माझी तीस वर्षांची नोकरी मला एकदम फुकट गेल्यासारखी वाटली.

दादा आत आला नाही. "मी भाईर बसतो," म्हणाला. पण बाहेर रेन डान्सच्या नावाखाली पाइपातून पाणी सोडून इतकी कर्कश गाणी लावली होती की पंधरा मिनिटांत तो कान झाकत आत आला आणि माझ्या मागे उभा राहिला.

आमच्या टेबलावर लाकडाचं मोठं चाक आडवं ठेवलेलं होतं. त्यावर छत्तीस आकडे आणि बाजूला एक बाण. आकड्यावर चकती ठेवायची, चाक फिरवायचं, बाणासमोर तो आकडा थांबला तर जिंकलो. मी माझ्या वाढदिवसाचा आकडा लावला आणि हरले. मग नवऱ्याच्या वाढदिवसाचा लावला आणि हरले; त्याचं मात्र आश्चर्य वाटलं नाही.

"सतरा लाव," मागून दादा हळूच म्हणाला.

सतरा आला. पुन्हा लावला, पुन्हा आला. एकदा हुकला, मग परत आला.

"चाकाला खालून लोखंडी पट्टी मारलीय," तो कानात पुटपुटला. "सतराच्या बाजूनं जड हाय. आन् टेबल बाणाकडं उतरतं हाय. जड बाजू खालीच येनार."

जन्मभर मी कॉपी करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर काढलं. त्या दुपारी मी सगळ्या चकत्या सतरावर लावल्या. आमच्याच बसमधल्या महिला मंडळाच्या बायकांनी ते बघितलं आणि मग सगळं टेबल सतरावर आलं. आरडाओरडा, टाळ्या. चाक फिरवणारा, गळ्याला बो लावलेला माणूस घामाघूम झाला.

इतका वेळ बाहेर हुरडा खात बसलेली वहिनी गर्दी बघून आत आली. तिच्या हातात हुरड्याचा कागद होता. ती दादाकडे बघत होती, म्हणून मीही वळून पाहिलं. मी मघाशी गंमत म्हणून दिलेली एक चकती त्याच्या मुठीत होती आणि तो चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. सावकाश. डोळे चाकावर. तो चेहरा मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात माझ्या शेजारची बाई उठली.

"काका, बसा की!" चाक फिरवणारा दादाला म्हणाला.

दादानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"भाऊ," दादा मोठ्यानं म्हणाला, "तुमचं टेबल उतरतं हाय. म्हनून सतराच येतोय."

आणि गुडघ्यावर बसून त्यानं कोपऱ्यातल्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी घातली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. वर पाण्याची बाटली आडवी धरून पातळी बघितली. फिटरच तो.

पुढच्या वेळी चार आला. मग एकतीस. मग नऊ. महिला मंडळाच्या चकत्यांचे ढीग पाच मिनिटांत गेले.

"तुमाला कुनी इचारलं हुतं का?" एक बाई ओरडली. "चांगलं चाललं हुतं आमचं!"

"बसू नका देऊ यांना हितं," दुसरी म्हणाली.

दादानं चकती टेबलावर ठेवली आणि तो बाहेर गेला. मला पाण्याची बाटली मिळाली. तिचं झाकण गळतं.

परतीच्या बसमध्ये आमच्याशी कुणी बोलत नव्हतं. सगळ्यात मागची, सगळ्यात जास्त उडणारी सीट आमच्या वाट्याला आली. कोल्हारच्या पुढे मी न राहवून विचारलं, "दादा, गप्प बसून बाहेर गेला असतास तरी चाललं असतं. सांगायची काय गरज होती?"

तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "पाय निघत न्हवते, शालू. बसलोच असतो. म्हनलं, सगळे चिडले तर तेच उठवतील."

वहिनी आमच्या लगेच पुढच्या सीटवर होती. तिनं ऐकलं. मागे वळली नाही, फक्त पदर सारखा केला.

मी समजत होते की दादानं पत्ते अकरा वर्षांपूर्वी सोडले. तो अजून सोडतोच आहे, हे मला त्या उडणाऱ्या सीटवर कळलं. मुलांचा खेळ म्हणत त्याला तिथे नेणारी मीच. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं मान हलवून राहू दे म्हटलं.

पुणतांब्यात उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. चौकात ओळखीची माणसं चहा पीत उभी होती. वहिनीनं सगळ्यांच्या देखत दादाचा हात धरला. आमच्या गावात साठीच्या नवरा-बायकोनं असं चालणं म्हणजे आठवडाभर पुरेल एवढा विषय. पण तिनं हात सोडला नाही. मी मुद्दाम सावकाश, बरंच अंतर ठेवून त्यांच्या मागून चालत राहिले.