धावजी चहाला गेले

तहसील कार्यालयातल्या निराधार विभागाच्या खिडकीमागे बसणारी उज्ज्वला राठोड कंत्राटी ऑपरेटर आहे. ती फुलसावंगीकडच्या तांड्यावरची. तालुक्यात बंजारा वस्त्या बऱ्याच, आणि त्या कार्यालयात बंजाऱ्यांची गोरबोली कळणारी ती एकटीच. म्हणून संगणकासाठी घेतलेल्या बाईला लोकांसमोर बसवलं गेलं. भांडणं तिच्याशीच होतात. "मॅडम, आमच्या म्हातारीले जित्तेपणी मारलं तुमी," असं कुणी ओरडलं की नायब तहसीलदार आतून दार लोटून घेतात.

निराधारांच्या अनुदानाला इथं पगार म्हणतात. तो चालू राहायचा तर वर्षातून एकदा स्वतः येऊन आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. मुदत टळली की नाव बंद.

सुखीबाई पवार मुदतीच्या शेवटच्या दिवशी आली. आधीही येऊन गेली होती, पण जन्मभर कापूस वेचून झिजलेली तिची बोटं यंत्रानं घेतली नव्हती. आता चेहरा दाखवण्याची सोय झाली होती. सुखीबाई विधवा, मूलबाळ नाही. किराणा या पगारावर चालतो. तिला घेऊन आले होते धावजी, तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे भासरे. भासऱ्यांसमोर ती लग्न झाल्यापासून घुंगट उचलत नाही. यंत्राला उघडा चेहरा लागतो.

हा पेच उज्ज्वलाला नवा नव्हता. असे दोघं आले की ती आधी त्यांच्याकडचा मोबाईल टेबलावर ठेवून घेते आणि मग वडीलधाऱ्या माणसाला बाहेर पाठवते. आपण कशासाठी बाहेर जातोय, हे त्यालाही कळतं. कुणी बोलत नाही.

"बापू, जरा चहा पिऊन या."

"कोन पाजते? सरकार?"

"मी पाजते. माह्या नावावर सांगा."

"मंग दोन पेतो," म्हणत धावजी निघाले. त्याच वेळी खिडकीशी एक जण रांगेवरून हमरीतुमरीवर आला होता. त्या गडबडीत उज्ज्वला मोबाईल मागायला विसरली.

सुखीबाईनं घुंगट उचलला, सांगितल्यावर डोळे मिटले, उघडले. चेहरा पटला. आता मोबाईलवर आलेले आकडे तेवढे भरायचे होते.

"याडी, मोबाईल?"

"भासऱ्याच्या खिशात."

आई म्हणून हाक मारलेल्या त्या बाईला तिथंच बसवून उज्ज्वला धावत टपरीवर गेली. दोन चहा पिऊन धावजी एसटीची चौकशी करायला स्टँडवर गेले होते. ते परत येईपर्यंत आकड्यांची वेळ संपली. मोबाईल टेबलावर ठेवून ते पुन्हा बाहेर गेले, पण शेवटच्या दिवसाच्या गर्दीनं साईट अडकली होती. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. संध्याकाळी पोर्टल बंद झालं.

उज्ज्वलानं स्वतःची चूक लिहून अर्ज यवतमाळला पाठवला. नायब तहसीलदार म्हणाले, "लिहायचं कायले? उद्या तुमचंच कंत्राट जाईन." कंत्राट राहिलं. अर्जाचं उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीच्या यादीतही सुखीबाईचं नाव नव्हतं. नवीन अर्ज केला, तर जुनी नोंद बंद असल्यानं तो घेतला गेला नाही. दर महिन्याला सुखीबाई येते, विचारते आणि परत जाते. परत पाठवण्याचं काम उज्ज्वलाचं.

मागच्या खेपेला खिडकीशी रांग होती. धावजी सुखीबाईच्या शेजारीच उभे होते. तिनं काही न विचारता घुंगट उचलून डोक्यावर टाकला.

"काढ आता फोटू," ती म्हणाली. "याहीले बाहेर धाडू नोको. मोबाईल इथंच हाय."

धावजींनी भिंतीकडे तोंड केलं.

उज्ज्वलानं कॅमेरा सरळ केला, डोळे मिटायला सांगितले. सुखीबाईनं मिटले, उघडले. पडद्यावर उत्तर आलं: नोंद बंद आहे.

"झालं?"

"नाही झालं, याडी."

सुखीबाई तशीच बसून राहिली, चेहरा उघडा ठेवून.

"इकडं फिरू का आता?" धावजींनी भिंतीकडे पाहत विचारलं.

उज्ज्वलानं रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.