एका धोट्याला दोन तोंडं

आमचा पोरगा वारला तेव्हा त्याला नीट मिशीसुद्धा फुटली नव्हती, असं त्याची आई सांगायची. तसं काही नव्हतं. मिशी चांगली होती, लग्नही ठरलं होतं. पण आईला तो लहानच दिसायचा. आता ती पण नाही, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

आम्ही धुळ्याकडचे. मी सुरतला पांडेसऱ्यात कपडा रंगवायच्या मिलमध्ये होतो, राहायला उधन्यात. पोराला म्हटलं, माझ्याबरोबर ये. तो म्हणाला, आबा, तुमच्या अंगाचा वास साबणानं जात नाही, मी नाही येत. गेला लूमच्या खात्यात. खातं म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत ओळीनं माग, आणि असा खडखडाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तरी मला बरं वाटलं. तिथं अ‍ॅसिड नाही, वाफ नाही. स्वच्छ काम आहे, असं मी गल्लीत सांगत फिरलो.

चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. प्लेगात पळालेली माणसं परत आली, पण भीती काही गेली नव्हती. कुणी दोनदा खोकलं की शेजारी माना वळवायचे. खोकणाऱ्याला घरमालक खोली सोडायला लावायचा आणि शेठ कामावरून काढायचा. मग माणसं खोकला गिळायला शिकली.

एका मागावर दोन कारागीर. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. आमच्या पोराचा जोडीदार आमच्याच भागातला, वयानं मोठा, दोन लेकरांचा बाप. त्यानंच पोराला माग चालवायला शिकवलं. पोरगा त्याला दादा म्हणायचा.

आमची ही कधी खात्यात गेली नव्हती. एकदा पोरगा डबा विसरला, तो घेऊन ही गेली. पाळी बदलायची वेळ होती. हिनं दारातूनच बघितलं. धोटा म्हणजे आडवा दोरा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारं लाकूड; त्यात सुताची नवी कांडी घातली की तिचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. दादानं भोकाला तोंड लावलं, श्वासानं दोरा ओढून घेतला, आणि खोकत बाजूला झाला. मग पोरगा मागावर आला. थोड्या वेळानं त्यानं तोच धोटा उचलला आणि तोंडाला लावला.

ही डबा तसाच हातात घेऊन घरी आली. पोरगा त्या दिवशी उपाशी राहिला.

घरी आल्यावर हिनं त्याला समोर बसवलं. आमच्याकडे एकाच्या पेल्यातलं दुसरा पीत नाही. ही म्हणाली, "हाई उष्टं शे, भाऊ."

तो हसला. "माय, धोटाले उष्टं नही ऱ्हास." धोट्याला उष्टं नसतं म्हणे.

ही हसली नाही. खात्यात एखाद-दुसरा कारागीर तारेच्या हुकानं दोरा काढायचा. वेळ जास्त लागतो, पण निघतो. मी मिलमधली तार वाकवून तसा हूक करून त्याला दिला. कपडे धुताना तो हूक दर खेपेला खिशातून निघायचा, मी दिला तसाच, न वापरलेला. शेवटी मी सरळ विचारलं, काय अडचण आहे तुला?

"आबा, मी हूक काढला की दादा बघेल. मग सगळे बघतील, का म्हणून विचारतील. त्याला कामावर कोण ठेवेल?"

मी शिव्या दिल्या. त्याची पोरं तो बघेल, तू आमचा एकुलता आहेस, दुसरं खातं शोध, म्हटलं. तो हो म्हणाला. हो म्हणायचा आणि सकाळी त्याच मागावर जायचा.

पावसाळा संपला आणि त्याला खोकला लागला. आधी म्हणाला, सुताचा भुगा नाकात जातो. मग टॉवेल घेऊन संडासात जायला लागला. तोंडात टॉवेल कोंबला तरी आवाज यायचा. ही भाकरी थापताना थांबायची आणि आवाज बंद झाला की पुन्हा थापायची. तिनं त्याचं ताट मात्र वेगळं केलं नाही.

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. टीबी. डॉक्टरनं बजावलं, गोळ्या खूप महिने घ्यायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत. गोळ्यांनी गुण आला. खोकला गेला, गाल भरले, लोक म्हणाले पोरगा लग्नाचा दिसतो आता. दोंडाईचाची मुलगी होती, उन्हाळ्यातली तारीख. मला त्याच्या भरलेल्या गालांची भीती वाटायची, का ते सांगता येत नाही. हिला पण वाटत असावी. लग्नाच्या कपड्यांचं बोचकं आलं, ते तिनं सोडलंच नाही.

बरं वाटतंय म्हणून त्यानं गोळ्या बंद केल्या आणि कामावर गेला. तोच माग, तोच जोडीदार. आम्हाला कळलं तेव्हा खोकला परत आला होता आणि टॉवेलवर रक्त होतं. या खेपेला गोळ्यांनी काही केलं नाही. मुलीकडच्यांनी नरमाईनं नाही म्हणून कळवलं. लग्नाची तारीख येऊन गेली. त्यानंतर थोड्या दिवसांत पोरगा गेला.

दहाव्याला त्याचा जोडीदार आला. तो दिसला की मारायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. उठलो पण. पण सदऱ्यात माणूसच उरला नव्हता. हाडं होती नुसती. तो पायरीखाली उभा राहिला. म्हणाला, शेठनं काढलं, दुपारच्या गाडीनं गावाला चाललोय. मग खाली बघून विचारलं, "त्यानं माझ्याबद्दल घरी काही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुला कामावर कोण ठेवेल, म्हणून."

तो पायरीवर बसला आणि खोकायला लागला. आता लपवायचं कुणापासून? तोंडावर फडकंही धरलं नाही. शेजारणीनं दार लावून घेतलं. समोरचं दार पण लागलं. आमची ही आतून उठून आली. मला वाटलं, ही पण लावणार.

"आत ये," ती त्याला म्हणाली. "दोन घास खाई जा."

तो उठला नाही. तिनं मात्र दार धरून ठेवलं होतं, उघडं.